समास कोणत्या रंगाने आखायचा?

नमस्कार बाई,

मी सहा वर्षं एका शाळेत पाचवी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवत होते. या वर्षी शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात आईला पक्षाघाताचा झटका आला. तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं, म्हणून राजीनामा दिला आणि तिच्याकडे राहायला आले. आता ती काठी धरून घरातल्या घरात चालते. दिवसभर थांबायला एक बाई मिळाल्या आहेत. मला पुन्हा वर्गात जायचंय. पैशांची गरज आहेच, पण खरं सांगायचं तर शाळेच्या वेळेला घरी बसून जीव कासावीस होतो.

गेल्या दीड महिन्यात बावीस शाळांना ईमेलने अर्ज पाठवले. उत्तर दोघांचं आलं, "सध्या जागा नाही, पुढच्या वर्षी संपर्क साधा." ओळखीचे सगळेही तेच म्हणतात, वर्षाच्या मध्ये शिक्षक कोण घेतं? आणि आता अचानक एका शाळेतून फोन आलाय. सातवीच्या एका तुकडीला गणित-विज्ञान शिकवायचं, वर्गशिक्षक म्हणूनही काम बघायचं. या तुकडीला वर्ष सुरू झाल्यापासून तीन शिक्षक होऊन गेले. जागा तात्पुरती, तूर्त तीन महिन्यांसाठी. सोमवारपर्यंत उत्तर हवंय. नवरा म्हणतो, घे. जुनी सहकारी म्हणते, जिथून तिघं गेले तिथे तू कशाला जातेस? आणि "मध्येच आलेली, मध्येच गेलेली" असा शिक्का बायोडाटावर बसेल याचीही धास्ती आहे. काय करू?

मध्येच अडकलेली

अगं,

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून अरे-तुरेच करते.

आईला काठी धरून चालता येतंय हे वाचून बरं वाटलं. पक्षाघातानंतर माणूस पुन्हा पायावर उभं राहतं त्यामागे घरातल्या कुणाचे तरी रोजचे कष्ट असतात. या वेळी ते तुझे आहेत. म्हणून आधी हे सांगते की नोकरी का सोडली असं कुणी विचारलं तर मान खाली घालू नकोस. "आईच्या आजारपणामुळे सोडली, आता तिची सोय झाली आहे, मी पूर्ण वेळ येऊ शकते" एवढं पुरे. मुख्याध्यापकांना खरं तर यातलं शेवटचंच वाक्य ऐकायचं असतं.

आता "वर्षाच्या मध्ये शिक्षक कोण घेतं" या प्रश्नाकडे येऊ. शाळा घेतात. नाइलाजाने घेतात, घाईत घेतात, पण घेतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या सरकारी शाळांतल्या नोंदी ख्रिस्तोफर रेडिंग आणि गॅरी हेन्री या दोन अभ्यासकांनी तपासल्या आणि २०१८ साली आपले निष्कर्ष मांडले. शाळा सोडणाऱ्या शिक्षकांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा वर्ष चालू असतानाच बाहेर पडतो, असं त्यांना दिसलं. हा एका राज्याचा हिशेब आहे, जसाच्या तसा सगळीकडे लावता येणार नाही. पण मी २९ वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची ११ मुख्याध्यापिका म्हणून. पहिल्या दिवशीची शिक्षकांची यादी शेवटच्या दिवशीही तशीच राहिली असं एकही वर्ष मला आठवत नाही. कुणी बाळंतपणाच्या रजेवर जातं, कुणाचं मोठं ऑपरेशन निघतं, कुणाच्या नवऱ्याची बदली होते, कुणाला दुसरीकडे कायमची नोकरी लागते. कधी एखाद्या इयत्तेत मुलंच एवढी वाढतात की नवी तुकडी काढावी लागते.

मग तुझ्या बावीस ईमेलना उत्तरं का आली नाहीत? कारण मधली जागा जाहिरातीत फार उशिरा येते, पुष्कळदा येतच नाही. ती आधी दिसते पर्यवेक्षकांच्या टेबलावरच्या एका कागदावर. तू शाळेत होतीस, तुला तो कागद माहीत आहे. सकाळी घंटा होण्याआधी पर्यवेक्षक तो घेऊन बसतात. आज कोण आलेलं नाही, त्यांचे तास कुणाला लावायचे, सगळं त्यावर. जागा रिकामी झाली की त्याच शिक्षकाचं नाव रोज येऊ लागतं. पहिला आठवडा विषयाचेच शिक्षक तास वाटून घेतात. दुसऱ्या आठवड्यात ते कुरकुरतात. तिसऱ्या आठवड्यात चित्रकलेचे सर सातवीच्या गणिताच्या तासाला नुसते बसलेले असतात आणि मुलं वहीच्या शेवटच्या पानावर फुल्ली-गोळा खेळत असतात. मग पालक भेटायला येऊ लागतात. नेमक्या त्या दिवसांत ज्याचं नाव आणि फोन नंबर मुख्याध्यापकांच्या डोळ्यांसमोर असेल, त्याला बोलावणं जातं. दीड महिन्यापूर्वीचा ईमेल त्या वेळी कुणी शोधत बसत नाही.

म्हणून स्वतः जा. ही जागा तू घेतलीस किंवा नाही घेतलीस, पुढेमागे तुला हे उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. सकाळी पहिल्या तासाला जाऊ नकोस आणि परीक्षेच्या दिवसांत तर मुळीच नको. शाळा सुटल्यावर जा. मुख्याध्यापक भेटले तर उत्तम, नाही भेटले तर पर्यवेक्षकांना भेट, कारण बदली तासांची डोकेदुखी त्यांचीच असते. एका पानाचा अर्ज दे. माझ्या टेबलावर असे शेकडो अर्ज आले, आणि बहुतेकांची सुरुवात "आपल्या नामांकित संस्थेत सेवेची संधी मिळावी" अशी. मला जे हवं असायचं ते दुसऱ्या पानावर कुठेतरी दडलेलं. तू सगळ्यात वर एवढंच लिही: "गणित व विज्ञान, पाचवी ते आठवी, सहा वर्षांचा अनुभव. दोन दिवसांत रुजू होऊ शकते. रजेच्या जागेवर किंवा ठरावीक मुदतीसाठीही काम करीन. राहिलेल्या अभ्यासक्रमाचं नियोजन पहिल्या आठवड्यात करून देईन." आणि त्याखाली फोन नंबर, ठळक अक्षरात. यातलं चौथं वाक्य मला कुठल्याच अर्जात कधी वाचायला मिळालं नाही, आणि मी वर्षानुवर्षं त्याच वाक्याच्या शोधात होते. वर्षाच्या मध्ये आपल्या हातात येतो तो कुणाचा तरी अर्धा शिकवून झालेला वर्ग. मुख्याध्यापकांना काळजी त्या वर्गाची असते. अर्जातही त्याच्याबद्दल बोललीस तर तुझं म्हणणं लगेच कानावर जातं.

आणखी एक, जागा कधी निघतील याचा थोडा अंदाज बांधता येतो. बाळंतपणाची रजा तीन-चार महिने आधीपासून सगळ्यांना ठाऊक असते. तरी त्या जागेसाठी माणूस शोधायला सुरुवात होते ती शेवटच्या पंधरा दिवसांत. तेव्हा जुन्या सहकाऱ्यांना फोन करून सरळ विचार, तुमच्याकडे कुणी रजेवर जाणार आहे का? राजीनाम्यांचाही हिशेब असतो. शाळांत नोटिशीचा काळ ठरलेला असतो, एक महिना किंवा तीन महिने, आणि शिक्षक बहुधा सत्राच्या शेवटी सुटका होईल अशा बेताने कागद देतात. इंग्लंडमधल्या बहुतेक सरकारी शाळांत तर तारखाच ठरलेल्या आहेत. ३१ ऑक्टोबरपर्यंत राजीनामा दिला तर डिसेंबरअखेर मोकळं होता येतं. त्यामुळे तिथे जानेवारीत रुजू होण्याच्या जागा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वर येतात. आपण ज्या शाळांत जाऊ पाहतो तिथला नोटिशीचा काळ कळला की सत्र संपण्याच्या तारखेपासून मागे मोजायचं. तेच दिवस शाळांच्या पायऱ्या चढायचे.

कागदपत्रांचं लगेच बघ. तू घाईत निघालीस, तेव्हा जुन्या शाळेचं कार्यमुक्तीचं पत्र आणि अनुभव प्रमाणपत्र घेतलंस का? नसेल घेतलं तर याच आठवड्यात माग. मध्येच बोलावणाऱ्या शाळेला थांबायला वेळ नसतो. तू कागद गोळा करेपर्यंत ती दुसऱ्याला घेते. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी आता पुष्कळ ठिकाणी मागतात आणि तिला दिवस लागतात, तेव्हा ती आधीच करून ठेव.

आता तुझ्या सातवीकडे येते. त्याआधी माझी एक आठवण सांगायची आहे, कारण तुझं पत्र वाचल्यापासून तीच डोक्यात आहे.

मी पहिल्यांदा अशी मध्येच रुजू झाले तेव्हा २६ वर्षांची होते. पाचवीचा वर्ग, दुसरं सत्र, माझ्या आधी दोन शिक्षिका होऊन गेलेल्या. पहिल्या तासाला मी मुलांना म्हटलं, वह्या काढा. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि विचारलं, "बाई, समास कोणत्या रंगाने आखायचा?" मी म्हटलं, कोणत्याही. तेवढ्याने वर्ग गप्प झाला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं होतं मी त्यांना मोकळीक दिली, पण त्यांना ते उत्तरच नको होतं. संध्याकाळी वह्या घरी नेल्या तेव्हा उलगडा झाला. सुरुवातीची पानं लाल समासाची, प्रत्येक गणिताखाली तारखेसकट सही. मग निळ्या समासाची पानं, सहीऐवजी नुसती बरोबरची खूण. आणि नंतर समास नाही, सही नाही, खूण नाही, अशी १७ पानं.

त्या १७ पानांत एका मुलाने अपूर्णांकांच्या बेरजा केल्या होत्या. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. वरच्यात वरचा मिळवायचा, खालच्यात खालचा. प्रत्येक गणित त्याच पद्धतीने, सुंदर अक्षरात, उत्तराभोवती पट्टीने चौकट आखून. किती मन लावून केलं होतं त्या पोराने! निम्म्या असलेल्या गोष्टीत आणखी भर घातली आणि उत्तर निम्म्यापेक्षा कमी आलं, एवढं त्याच्याशेजारी बसून दाखवायला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं दीड महिना कुणाकडेच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि फळ्यावर आधी लिहिलं, समास लाल. मुलांचे खांदे सैल झालेले मला दिसले.

तुझ्या सातवीतही अशी पानं आहेत. तीन शिक्षक म्हणजे तीन समास, आणि मध्ये कोरडी पडलेली पानं. त्या मुलांना तुझ्यासारखी, सहा वर्षं गणित शिकवलेली बाई मिळावी असं मला मनापासून वाटतं. पण तुझी सहकारी म्हणते त्यातही तथ्य आहे. तिघं का गेले हे कळल्याशिवाय होकार द्यायचा नाही.

हे विचारायला संकोचू नकोस. "माझ्या आधीचे शिक्षक कोणत्या कारणाने गेले, आणि त्यांच्यापैकी कुणाशी बोलता येईल का?" असं सरळ विचार. उत्तरात कारणं वेगवेगळी निघाली, म्हणजे पहिल्या बाई रजेवर गेल्या, दुसरीला कायमची नोकरी लागली, तिसऱ्याला जाणं-येणं झेपलं नाही, तर तो शाळेच्या नशिबाचा भाग. तिघांची कारणं एकाच जागी येऊन थांबत असतील, पगार वेळेवर होत नाही, वर्गात कॅमेरा लावून चुका काढतात, पालकांपुढे शिक्षकाला एकटं सोडतात, तर चौथी तू होऊ नकोस. आणि मुख्याध्यापक म्हणाले की "तो वर्गच वाया गेलेला आहे", तर माझं मत विचारशील तर त्या शाळेतून उठून ये. जिथे वरचा माणूस बारा वर्षांच्या मुलांवर असा शिक्का मारतो, तिथे उद्या अडचण आली की तुझ्यावरही मारेल. आधीच्या शिक्षकांचा नंबर द्यायला शाळा तयार असेल तर ती चांगली खूण समज.

भेटीला गेलीस की आणखी एक विचार, "वर्ग कुठपर्यंत आला आहे?" ज्यांच्याकडे याचं उत्तर आहे, घटक नियोजन समोर ठेवून जे सांगू शकतात की गणितात एवढे धडे झाले, विज्ञानात एवढे राहिले, त्या शाळेने तो वर्ग मध्यंतरी वाऱ्यावर सोडलेला नाही. "ते तुम्हीच बघून घ्या" असं म्हणाले तर पहिले पंधरा दिवस फार जड जातील हे धरून चाल. जाऊ नकोस असं नाही म्हणत, पण तेवढी तयारी ठेव.

नमुना पाठ घ्यायला सांगतीलच. नवा, चमकदार धडा निवडू नकोस. झालेल्या भागातला एखादा घे आणि मुलांना काय येतं ते त्यांच्या तोंडून काढ. यात एकच गोष्ट जपायची आहे. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षण अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतो. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन शिक्षक बदललेल्या वर्गात तर शांतता हमखास असते. मुलं तुला जोखत असतात. खिडकीशी बसलेले मुख्याध्यापक बघताहेत म्हणून घाबरून आपणच उत्तर सांगून मोकळं होऊ नकोस. थांब. मनात तीन आकडे मोज.

आता कराराचं. इथे मी पोळले आहे म्हणून जोर देऊन सांगते. ज्या शाळेत मी मध्येच रुजू झाले, तिथे मला सांगितलं होतं, "तुम्ही काम सुरू करा, पत्र मागाहून देऊ." पत्र आलं ते अडीच महिन्यांनी, आणि रुजू तारीख त्या दिवसाची. आधीचे अडीच महिने मी कागदावर तिथे नव्हतेच. सुट्टीचा पगार नाही, अनुभव प्रमाणपत्र निम्म्या काळाचं. भांडायला माझ्याजवळ हजेरीपटाच्या सह्यांशिवाय काही नव्हतं, आणि हजेरीपट त्यांच्या कपाटात. तेव्हा तू नियुक्तीपत्र हातात घेतल्याशिवाय वर्गात पाय ठेवू नकोस. त्यात रुजू तारीख, मुदतीची तारीख, पगार, मध्ये येणाऱ्या सुट्ट्यांचा पगार मिळणार की नाही आणि नोटिशीचा काळ, एवढं लिहिलेलं हवं. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. पत्रच द्यायला तयार नसतील तर विषय संपला.

तीन महिन्यांच्या मुदतीबद्दल मात्र बोलणी कर. तुझ्या पत्रात मला खरा खटकला तो हाच मुद्दा. तीन महिन्यांनी वर्ष संपत नाही. म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर या मुलांना पाचवं माणूस बघावं लागणार. "वार्षिक निकाल लागेपर्यंत मुदत द्या, मी निकालपत्रकं पूर्ण करूनच जाईन" असं म्हण. बहुतेक मुख्याध्यापकांना हे ऐकून हायसंच वाटेल. तीन महिने अशासाठी म्हणतात की नवा माणूस टिकेल का याचीच त्यांना शाश्वती नसते. बरोबरीने पहिल्या आठवड्यात रोज एक तास मोकळा माग, वह्या वाचायला. आठवडाभरच. देतील.

आणि ही अट मी तुलाही घालते. मध्येच चांगली जागा आली तर काय करशील, हे आजच मनाशी ठरव. निकालापर्यंत थांबायची तयारी नसेल तर ही जागा घेऊ नकोस. पैशांची ओढ मला कळते, कायमच्या नोकरीचं बोलावणं आलं तर नाही म्हणणं किती कठीण असतं तेही कळतं. पण चौथ्यांदा सुटलेला वर्ग पुढच्या शिक्षकाला नाव विचारायचं सोडून देतो. मी असा वर्ग पाहिला आहे. दुसरी शाळा तुला खरोखर घेऊ इच्छित असेल तर पुढच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत थांबेल, तसं त्यांना विचारता येतं.

याच कारणासाठी आईकडे थांबणाऱ्या बाईंच्या रजेचाही विचार करून ठेव. त्या एक दिवस आल्या नाहीत तर आईजवळ कोण? नवरा, शेजारीण, कुणीतरी ठरलेलं हवं. पहिल्या महिन्यात तुझे चार खाडे झाले तर मुलं मनातल्या मनात तुला त्या तिघांच्या रांगेत बसवतील.

शिक्क्याची धास्ती मात्र सोडून दे. मी अर्ज वाचायचे तेव्हा मध्येच सोडून गेलेल्यांवर नजर थबकायची, हे खरं आहे. मध्येच येऊन वर्ष पूर्ण करणाऱ्यांना मी आधी बोलावत असे. फक्त ते नीट लिहावं लागतं. "सातवी, अमुक इतके विद्यार्थी, वर्षातली चौथी शिक्षिका म्हणून रुजू, इतके घटक बाकी होते, निकालापर्यंत पूर्ण केले." आकडे लिही, विशेषणं नकोत.

रुजू झालीस तर पहिल्या आठवड्यात नवा धडा उघडू नकोस. वेळ कमी आहे म्हणून घाई होईल, पालकही विचारतील, तरी नको. झालेल्या भागावर आठ-दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी घे, गुण न देता. वह्यांचे तीन गठ्ठे कर, ज्यांना येतं त्यांचा, ज्यांचं थोडं चुकतं त्यांचा आणि जे कुठेतरी मागेच सुटलेत त्यांचा. तिसऱ्या गठ्ठ्यातला एकेक शेजारी बसवून बघ. मग राहिलेल्या घटकांची यादी आणि उरलेले तास मांडून मुख्याध्यापकांकडे जा. सगळं होणार नसेल तर काय आटोपशीर घ्यायचं हे त्यांच्याकडून वदवून घे, म्हणजे उद्या दोष एकटीवर येणार नाही.

शिस्तीचं फार मनावर घेऊ नकोस. जेकब कुनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांची चित्रणं तपासून १९७० साली दाखवलं की शांत वर्ग आणि गोंधळाचा वर्ग यांतला फरक मुलं चुकल्यावर शिक्षक काय करतो यात सापडत नाही. तो आधीच काय करतो, सगळ्या वर्गावर त्याची नजर आहे हे मुलांना जाणवतं का, तास अडखळत चालतो की सलग, यात सापडतो. तू मुलांच्या आधी वर्गात जा. घंटा होताना फळ्यावर एक गणित लिहिलेलं असू दे. बसण्याचा तक्ता नावांसह टेबलावर ठेव आणि तिसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला नावाने हाक मार. वर्गाचे नियम मात्र शेवटच्या शिक्षकाचे होते तेच चालू ठेव, निदान महिनाभर. समासाचा रंगसुद्धा.

आधीच्या शिक्षकांपैकी जे फोनवर भेटतील त्यांना वर्ग कुठवर आला ते विचारशीलच. त्याशिवाय हेही विचार की मुलांना काय कबूल केलं होतं आणि राहून गेलं. प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल दाखवायची होती, किंवा ज्याचे पाढे पाठ होतील त्याला फळा पुसायची पाळी द्यायची होती, असं काही ना काही निघतंच. ते पहिल्या पंधरा दिवसांत पूर्ण कर.

आणि कुणीतरी विचारेल, बहुधा पहिल्याच दिवशी, "बाई, तुम्ही किती दिवस आहात?" कायमची आहे असं सांगू नकोस. नियुक्तीपत्रावरची तारीख सांग, फळ्याच्या कोपऱ्यात लिही.

सोमवारी उत्तर द्यायचं आहे ना? मग शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळेला तिथे जा. फाटकाशी उभी राहून मुलं कशी बाहेर पडतात ते बघ, शिक्षक एकमेकांशी बोलत निघतात की खाली मान घालून, ते बघ. मग आत जाऊन पर्यवेक्षकांना भेट आणि सातवीच्या त्या तुकडीची टाचणवही आणि कुठल्याही पाच मुलांच्या गणिताच्या वह्या बघायला माग. तिथेच बसून चाळ. काय दिसलं ते मला कळव.